गरज भागलेली आहे

तांबखडीत माणूस गेलं की डॉक्टरच्या आधी शोभाकाकू पोचते, असं गाव गमतीनं म्हणायचं. गमतीनं म्हणायचं, पण ते खोटं नव्हतं. काकू उंबऱ्यातच गळा काढायची आणि घटकाभरात स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनवर यायची. मयताच्या घरात बसून तिनं ती गोष्ट किती वेळा सांगितली याला गणती नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, कुणीतरी चुकून फिसकन हसायचं, आणि जिचा माणूस गेला तीसुद्धा कधी कधी रडता रडता हसायची.

याला 'बसायला जाणं' म्हणत. त्या घरात चूल पेटायची नाही. शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी यायची, एकीचं पिठलं खारट, दुसरीची भाकरी करपलेली. माणसं येऊन नुसती बसायची. कोण चांगलं बोलतं, कोण वाईट, कुणाच्या येण्यानं बरं वाटतं आणि कुणाच्या येण्यानं डोकं उठतं, असला हिशेब कुणी ठेवत नव्हतं. तो पुढं सुरू झाला. आणि तो कुणी वाईट हेतूनं सुरू केला नाही, सगळी पंचाईत तिथंच आहे. वाईट हेतू असता तर गावानं त्याला कधीच वेशीबाहेर काढलं असतं.

कृष्णेच्या पुरानं अर्धं गाव धुऊन नेलं, त्यानंतरची ही गोष्ट. पूर ओसरला तशी बाहेरची माणसं येऊ लागली. आली की विचारायची, तुमच्याकडं काय काय नाही? दवाखाना नाही, पक्की टाकी नाही, बंधारा नाही, मास्तर नाही. हे सांगून सांगून गाव इतकं थकलं की आपल्याकडं काही असतं हेच विसरून गेलं. तेव्हा सरपंच मेघा साळुंखे ग्रामसभेत उठली. मेघा म्हणजे मुलखाची खटपटी बाई. शांत बसणं तिच्या रक्तात नाही.

"काय न्हाई ते समदी मोजत्यात," ती म्हणाली. "काय हाय ते कुणी मोजलंय का? आपली आज्जी-पणजी सावड घालायची. आज तुमी माझ्या रानात, उद्या मी तुमच्यात. त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघितलं व्हतं का?"

ती पुण्याहून डॉ. निरंजन टिळेकरांना घेऊन आली आणि गावाच्या मनगटांवर पट्टे चढले. टिळेकरांनी विज्ञान सोपं करून सांगितलं. मेंदूकडून बोटांकडं जाणारा प्रत्येक हुकूम मनगटातल्या नसांमधून बारीक विजेच्या रूपानं जातो. हाताला काम नवं असलं की ही वीज अघळपघळ खर्च होते, नको ते स्नायूही आखडतात. काम मुरलं की ती नेमकी होते. पट्टा ही नेमकी वीज वाचतो. म्हणजे माणसानं तोंडानं काही सांगायची गरज नाही, हात स्वतःच सांगतात मला काय येतं. यंत्रणेचं नाव ठेवलं 'सावड'. कुठं काय अडलंय आणि ते कुणाच्या हातात आहे, याची ती सांगड घालायची आणि त्या माणसाला निरोप द्यायची.

निकाल बघून गाव चाट पडलं. दारूपायी वाया गेलेला म्हणून ओवाळून टाकलेला सुबराव दगड असा रचतो की मध्ये सुरी जाणार नाही, हे गावाला पट्ट्यानं सांगितलं. बंधारा त्यानं बांधला आणि बांधता बांधता दारूही सुटली. बाहेरचा एक माणूस न आणता शाळेचं छप्पर चढलं, पाण्याची टाकी उभी राहिली. लांबलांबची गावं तांबखडी बघायला येऊ लागली. जे चांगलं झालं ते चांगलंच झालं, त्याला नाव ठेवायचं कारण नाही.

मग टिळेकरांनी पुढचं पाऊल टाकलं.

कांचन शेवाळे पिठाची गिरणी चालवायची. पन्नाशीतली, अंगानं किरकोळ, बोलणं जेवढ्यास तेवढं. नवरा उमेश मोटारी भरून द्यायचा, म्हणजे जळालेल्या पंपांच्या तारा काढून नव्या गुंडाळायचा. मुलगी तेजल जर्मनीत नर्स होती. गिरणीत बायका दळण ठेवून जायच्या नाहीत, तिथंच पोत्यांवर बसायच्या. उमेश म्हणायचा, "आपल्या गिरणीत दळण कमी, बसणंच जास्त." का बसतात हे त्या बायकांनाही सांगता आलं नसतं.

एके सकाळी मेघा गिरणीत शिरली ती धापा टाकतच.

"कांचे, गिरणी बंद कर. तुझा आकडा आलाय."

"कसला आकडा? मला काय येतंय?"

"तुला माणूस येतंय," मेघा म्हणाली.

प्रकार असा होता. दोन माणसं जवळ बसली की त्यांचे श्वास, त्यांच्या नाडीचे ठोके हळूहळू एकमेकांच्या वळणावर जातात. तान्हं मूल आईच्या कुशीत निवतं ते यामुळंच. विज्ञानाला हे जुनंच ठाऊक होतं. टिळेकरांनी नवं केलं ते एवढंच, की पट्ट्यांवरून गावातल्या साऱ्या भेटीगाठी एकत्र केल्या आणि त्यात कुणाचा वाटा किती ते निवडून काढलं. बहुतेक माणसं दुसऱ्याच्या वळणावर थोडी जातात आणि त्याला थोडं आपल्या वळणावर आणतात. कांचन जात नव्हती. तिची नाडी संथच राहायची, आणि समोरच्याची, मग तो कितीही पेटलेला असो, तिच्या मागोमाग संथ व्हायची. असा आकडा टिळेकरांनी कुठंच पाहिला नव्हता.

"म्हंजे मी थंड हाय," कांचन म्हणाली.

"थंड न्हाई गं, गारवा हाईस!" मेघानं तिला मिठीच मारली. आणि खरोखर, गिरणीत धापा टाकत आलेली मेघा जाताना अगदी निवांत चालत गेली.

पहिलाच निरोप कुंभारवाड्यातून आला. हौसाबाईचा कर्ता मुलगा बोअर मारायच्या गाडीवर अपघात होऊन गेला होता. बाई रडत नव्हती, बोलत नव्हती, पाण्याच्या थेंबाला शिवत नव्हती. कांचन गेली, तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. घटकाभरानं हौसाबाईनं तांब्याकडं हात केला. त्या दिवशी घरी येताना कांचनला जे वाटलं तो निखळ आनंद होता. गिरणीवाल्या बाईला कुणी इतकं मोठं काम दिलं नव्हतं.

त्यानंतर तिला उसंत म्हणून राहिली नाही. कुणाचं मरण, कुणाचं बाळंतपण, कुणाची पोरगी सासर सोडून आलेली. भाऊबंदकीच्या बैठकीत मेघा तिला मधोमध बसवायची आणि कुऱ्हाडी घेऊन आलेले भाऊ चहा पिऊन जायचे. गिरणीत उमेशनं एक पोरगी ठेवली. पोत्यांवर बसणाऱ्या बायका हळूहळू यायच्या थांबल्या, कारण बसण्यासारखी बाई तिथं नसायचीच.

आणि ज्याला गरज त्याच्यासाठी योग्य माणूस, हे एकदा ठरल्यावर अयोग्य माणसाचं करायचं काय? सावडनं त्याचंही उत्तर सभ्यपणे काढलं. एके दिवशी शोभाकाकू ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आली, नेमकी कांचन तिथं होती. काकूनं मनगट पुढं केलं. ती जिथं बसायला निघाली होती त्या घराबद्दल पट्ट्यावर अक्षरं होती: 'तुमच्या सदिच्छेबद्दल आभार. या घरी आपल्या भेटीची आवश्यकता नाही.'

"मी काय वंगाळ बोलते व्हय गं?" काकूचे ओठ थरथरत होते. "माझ्या बसण्यानं मानसाची नाडी पळती म्हनं. अगं, मानूस मेल्यावर नाडी पळायची न्हाई तर काय?"

कांचनला तिची दया आली. तिनं काकूचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं काकूचे ओठ थांबले, खांदे उतरले. "जाऊ दे बाई," ती म्हणाली, "त्यांचंबी बरोबरच असंल." आणि डबा काखेला मारून शांतपणे घरी गेली. कांचन तिच्या पाठीकडं बघत राहिली. आपण आत्ता काय केलं ते तिला नीट कळलं नाही, पण ते चांगलं नव्हतं एवढं कळलं.

वर्षा-दोन वर्षांत दुःखाच्या घरी फक्त कांचनच्या चपला दिसू लागल्या. पूर्वी त्या दारात चपलांचा ढीग असायचा. लोक निर्दय झाले नव्हते. उलट त्यांना काळजीच होती, आपण गेलो आणि आपल्यामुळं त्या घराचा त्रास वाढला तर? डबे मात्र वेळेवर पोचायचे. गावातला सर्वांत चांगला पिठल्याचा हात कुणाचा हे सावडला ठाऊक होतं. छोटी विजेवरची गाडी गरम डबा ओट्यावर ठेवून निघून जायची. खारट पिठलं तांबखडीतून हद्दपार झालं.

कांचन यात एक गोष्ट शिकली होती, ती कुणाला सांगितली नव्हती. समोरच्याचं दुःख पाहून तिच्या आत कधी काही हललं, की समोरचा लगेच दचकायचा. म्हणून तिनं आतलं हलणंच बंद केलं. सवयीनं ते जमलं. सवय इतकी अंगवळणी पडली की ती घरी आल्यावरही सुटेना.

उमेशच्या हृदयाचा स्नायू थकत चालला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं. तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि कांचन येताना दिसली की डोळे मिचकावायचा. "आल्या गावाच्या आईसाहेब." एका संध्याकाळी मात्र त्यानं चेष्टा केली नाही.

"कांचन, तू शेवटची कवा रडलीस?"

तिनं आठवून पाहिलं. आठवेना.

"तेजल विमानात बसली तवा न्हाई. आई गेली तवा न्हाई. मी हे दुखनं घेऊन आलो तवा दवाखान्यात तू नर्सबाईलाच शांत करत हुतीस." तो दम खात थांबला. "मला मरणाचं भ्या न्हाई. तू जवळ बसलीस की भ्या उरतच न्हाई. मला एकच कळंना झालंय. मी गेल्यावर तुझ्यापाशी कोण बसंल?"

"अवं, अख्खं गाव बसंल की."

"गाव आता कुणाकडं बसतंय?" उमेश म्हणाला.

तो प्रश्न कांचनला चिकटला तो चिकटलाच. दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. मेघा दुसऱ्या टाकीच्या जोडकामाच्या खटपटीत होती, एक फोन कानाला, दुसरा हातात.

"मेघे, मला यातनं काढ."

मेघानं दोन्ही फोन खाली ठेवले. "का गं? दाजींचं जास्ती हाय का?"

"हाय. पर तेवढ्यासाठी न्हाई. माझ्या वेळंला माझ्यापाशी कोण येनार, ते सांग."

"येडी का खुळी तू? तुझ्या वेळंला गाव लोटंल! कुणाच्या दारात तू गेली न्हाईस?"

"मी गेले. तुमी कोन गेला? तू गेलीस कुनाकडं, एवढ्यात?"

मेघा ओशाळली, पण ती हार मानणारी नव्हे. "माझा आकडा बघितलायस का? गावात सगळ्यांत खाली. मी शेजारी बसले की चांगल्या माणसाला घाम फुटतो. मी रस्ता करते, टाकी करते, मला जे येतं ते करते. मयताच्या घरी जाऊन मी काय दिवे लावनार?" मग ती पुढं झुकून म्हणाली, "तू थांबलीस तर त्या घरांनी काय करायचं? आता दुसऱ्या कुनाला ते जमतबी न्हाई."

"जमत न्हाई, कारण कुनी करत न्हाई. पूर्वी जमत नसताना करत हुतो की."

कांचनला ओरडायचं होतं. टेबलावर हात आपटायचा होता. पण आवाज वर चढेचना. ती समोर बसून सपाट आवाजात बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिनं पाहिलं, मेघाच्या कपाळावरची आठी विरत चाललीय. मेघा खुर्चीत सैल झाली, हसली, म्हणाली, "सगळं नीट व्हईल गं. काळजी करू नको." कांचनची तक्रार कांचनच्याच जवळ बसल्यामुळं मिटली होती. ती उठून घरी आली.

उमेश गेला तो दुपारी, जेवणं झाल्यावर. कांचननं त्याचं मनगट धरलं होतं. ती संथ बसली होती आणि त्याची नाडी तिच्यामागं संथ होत होत गेली, आणि मग बोटांखाली काही उरलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेवढं तरी तिनं त्याला दिलं. ती उठली, त्याचे पाय सरळ केले, दारात येऊन सावडला कळवलं.

पुढचं सगळं बिनचूक झालं. सुबरावनं तिरडी बांधली, तशी तिरडी गावानं पाहिली नव्हती. खांदा द्यायला सारख्या उंचीची माणसं आली, कुठं धक्का लागला नाही. अग्नी कांचननंच दिला, आता त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. माणसं हात जोडून, मान खाली घालून आली तशी आपापल्या घरी गेली. ओट्यावर गरम डबा होता.

तेजलचा चेहरा फोनवर रडून सुजला होता. तिकडं विमानतळावर संप सुरू होता, ती अडकून पडली होती. "आई, तुझ्याजवळ कोण आहे गं?"

"हाईत की समदी," कांचन म्हणाली.

घरात कुणी नव्हतं. तिनं दार सताड उघडं ठेवलं, बसायला येणाऱ्यांसाठी ठेवतात तसं. घोंगडी अंथरली. दाराकडं तोंड करून बसली. संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली. दुसरा दिवस उजाडला. रस्त्यावरून माणसं जात होती. दारासमोर आली की आदरानं पावलं हळू करायची आणि पुढं जायची. एका बाईनं आत पाहिलं, नजरानजर होताच छातीवर हात ठेवला, आणि तीही गेली. कांचनला वाटलं, आपण काही केलंय का? आपल्यावर गाव रुसलंय का? मग सावड आपल्या घराबद्दल गावाला काय सांगते ते पाहण्यासाठी तिनं पट्ट्यावर स्वतःच्या घराची नोंद उघडली.

'घर: कै. उमेश शेवाळे. सांत्वनाची गरज: भागलेली आहे. सर्वांत योग्य व्यक्ती घरात उपस्थित. कृपया गर्दी टाळावी.'

तिनं ते दोनदा वाचलं. सर्वांत योग्य व्यक्ती कोण, ते तिला कळलं. ती घोंगडीवर एकटी बसली होती.

सुतकातली बाई दुसऱ्याच्या उंबऱ्याला जात नाही. तांबखडीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. कांचन उठली, पायांत चपला अडकवल्या आणि शोभाकाकूच्या दारात जाऊन उभी राहिली.

काकू भाजी निवडत होती, ती चटका बसल्यासारखी उठली. "अगं अगं, तू कशी आलीस? सुतक हाय तुला!"

"मग तू का आली न्हाईस?"

काकू कावरीबावरी झाली. तिनं मनगट पदरात लपवलं. "मला येऊ नगं म्हनत्यात की गं. माझ्यानं तुला बाधंल."

"बाधू दे. बसायला ये."

कांचन तशीच पुढच्या दारात गेली, तिथून पुढच्या. कुणी तोंडावर हात घेतला, कुणी देवघराचा पडदा ओढला. ती दारात उभी राहून एकच वाक्य म्हणायची, "माझा माणूस गेलाय, बसायला या." हौसाबाई तिथल्या तिथं चप्पल घालून निघाली. वार्ता मेघापर्यंत पोचली तशी मेघा टाकीचं काम टाकून धावत आली आणि तिनं उरलेल्या घरांच्या कड्या वाजवल्या. ऊन उतरायच्या सुमारास शेवाळ्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला.

बायका बसल्या. पण कसं बसायचं हे कुणाला आठवेना. एकीनं घसा खाकरला. एकीनं तिरडीची तारीफ केली. "डबा वेळेवर येतोय न्हवं?" दुसरीनं विचारलं. मेघा दाराशी टेकून उभी होती, आत बसायचं तिच्या अंगावर आलं होतं. कांचन वाट बघत होती. कुणीतरी गळा काढेल, कुणीतरी भलतंच बोलेल, आणि छातीवर बसलेला हा धोंडा कुठूनतरी हलेल. शेवटी न राहवून तिनंच म्हटलं, "शोभाकाकू, तुझ्या ऑपरेशनचं सांग की."

काकू भिंतीला टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले. "आता कशाला ते," ती म्हणाली. "तुझ्यापाशी बसलं की कसं शांत शांत वाटतंय बघ."

कांचननं सगळ्यांकडं पाहिलं. सगळ्यांचे खांदे उतरले होते. कपाळं मोकळी झाली होती. हौसाबाईच्या चेहऱ्यावर तर झोप आल्यासारखं समाधान होतं. सगळ्या बायकांचे श्वास एका लयीत वर-खाली होत होते, आणि ती लय कांचनची होती. त्या द्यायला आल्या होत्या आणि घेऊन चालल्या होत्या, यात त्यांचा काही दोष नव्हता. थोड्या वेळानं एकेक उठू लागली. पहिली उठली तिनं पदर सारखा केला आणि मनापासून म्हणाली, "येऊन लई बरं वाटलं बाई."

तेव्हा कांचनच्या आत इतकी वर्षं आवळून धरलेलं जे होतं ते सुटलं.

आधी नुसता आवाज आला, आणि तो कुणाचा हे तिलाही कळलं नाही. मग ती जमिनीवर हात आपटू लागली. "उमेश!" असं नवऱ्याचं नाव घेऊन ती ओरडली, जन्मात पहिल्यांदा. तिच्या नाडीनं उसळी घेतली आणि खोलीतल्या साऱ्या नाड्या तिच्यामागून उसळल्या. संथपणा जसा पसरायचा तसंच हेही पसरलं. काकूनं छाती धरली. एकीला घाम फुटला, एक किंचाळली. सगळ्या मनगटांवरचे पट्टे एकदम गुरगुरू लागले: 'आपल्या उपस्थितीचा परिणाम प्रतिकूल. कृपया अंतर ठेवा.'

बायका उठल्या. सवयीनं उठल्या. पट्टा गुरगुरला की उठायचं, हे त्यांच्या हाडीमासी मुरलं होतं. "अगं, आपल्यामुळं तिला जास्त व्हतंय," असं म्हणत, डोळे पुसत, एकमेकींना सावरत त्या अंगणात गेल्या आणि अंगणातून रस्त्यावर. त्यांना कांचनचं भलंच करायचं होतं. काकू सगळ्यांत शेवटी गेली, दोनदा मागं वळून.

दाराशी मेघा उरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी टिळेकरांना फोन लावते," ती म्हणाली. "कायतरी बिघडलंय."

"मेघे, फोन करू नको." कांचनला धड बोलताही येत नव्हतं. "हितं बस."

"मी? अगं, मी बसले तर आनिकच... मला यातलं कायबी येत न्हाई गं. खरंच येत न्हाई."

"न्हाई येत तर न्हाई येत. बस."

मेघानं बाहेर पाहिलं, मनगटाकडं पाहिलं. मग ती आत आली आणि घोंगडीवर कांचनसमोर बसली, तीही धड नाही, एक पाय दुमडून, उठायच्या तयारीत. कांचननं तिचा दंड असा आवळून धरला की मेघाचे डोळे पाणावले. धीर कसा देतात ते मेघाला माहीत नव्हतं, तिनं तो दिला नाही. तिचा श्वास कांचनच्या श्वासामागं धावू लागला, तिचं काळीज धडधडू लागलं. पट्टा थांबायचं नाव घेत नव्हता. पळून जावंसं तिला इतकं वाटत होतं की तिनं मोकळ्या हातानं घोंगडीची कड मुठीत धरून ठेवली.

"कांचे," मोठ्या मुश्किलीनं तिनं विचारलं, "किती वेळ चालंल गं हे?"

"मला काय ठाव," हुंदका आवरायचा जराही प्रयत्न न करता कांचन म्हणाली. "मी कधी रडलेच न्हाई."